नळीची कल्हई

पिट्सबर्ग

चि. भाचेबुवांस,


तुझा लांबलचक मेसेज वाचला, फोटोही पाहिला. टेबलावर निळ्या-हिरव्या डागांच्या पॅचेसची रास, शेजारी अर्धी झालेली सॉल्व्हंटची बाटली, भिंतीवरच्या घड्याळात रात्रीचे साडेअकरा. आणि खाली प्रश्न : "मामा, रायफलीच्या नळीला आतून लावायचं ते कोटिंग घेऊ का? एकदा लावलं की साफसफाईची कटकट संपते म्हणतात." फोनवर बोललो असतो तर तू "हो हो, कळलं" म्हणून मोकळा झाला असतास आणि त्याच रात्री बाटली मागवली असतीस. ताईचाच मुलगा तू. म्हणून सविस्तर लिहितो.

उत्तर आधी सांगून टाकतो. घ्यायची तर घे, पण आत्ता लावू नकोस. आणि कटकट संपते हे जे कोणी म्हणालं, ते निम्मंच खरं बोललं. कटकट कमी होते, आणि तीही लेप चढवण्याआधी एकदा ती पुरी भोगल्यावर.

रायफलीच्या नळीत घाण एका जातीची नसते. दर पिढीचा मळ वेगळा. आपल्या घरातले अण्णा मराठा लाइट इन्फंट्रीत होते तेव्हा त्यांच्या हाती ली-एनफील्ड .३०३ असायची. तिच्या दस्त्यात मागच्या बाजूला एक कप्पा असे, त्यात तेलाची छोटी पितळी कुपी आणि पुलथ्रूची दोरी. दोरीच्या फासात फ्लॅनेलची चिंधी अडकवायची आणि नळीतून ओढून काढायची. पण त्याआधी नळीत उकळतं पाणी ओतायचं. लहानपणी मला ते फार विचित्र वाटे. लोखंडात पाणी ओतायचं कशाला? कारण साधं होतं. त्या काळच्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीभर बसे. तो क्षारच हवेतला ओलावा ओढून घेतो आणि रातोरात गंज चढवतो. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून पाणी आधी, तेल नंतर. शत्रू कोण ते कळल्यावर उपाय ठरला.

तुझ्या काडतुसांत तो क्षार नाही. तुझ्याकडे आहेत काजळी आणि तांबं. गोळीवरचं आवरण असतं गिल्डिंग मेटलचं, म्हणजे साधारण पंच्याण्णव भाग तांबं आणि पाच भाग जस्त. .३०८ ची गोळी सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने तोंडातून बाहेर पडते, आणि दहा इंचांत एक फेरा या आट्यामुळे सेकंदाला तीन हजारांहून जास्त गिरक्या घेत असते. एवढ्या रेट्याने पोलादावर घासली जाताना ती थोडं तांबं मागे सोडणारच. किती सोडते ते नळीच्या अंगावर ठरतं. तुझी नळी कारखान्यातली आहे. भोक मोठं करताना रीमरचे जे ओरखडे उठतात ते आडवे असतात, गोळीच्या वाटेला काटकोनात. प्रत्येक ओरखडा कानशीसारखा तांबं खरवडून घेतो. हाताने लॅप केलेल्या महागड्या नळीत हे ओरखडे घासून काढलेले असतात. तिच्यात तांबं बसतच नाही असं नाही, पण चार-सहा पॅचमध्ये काम उरकतं. तसल्या नळीला लेप म्हणजे निव्वळ हौस. तुझ्या नळीला मात्र थोडाफार उपयोग होईल, हे कबूल.

आता तुझ्या फोटोतले ते निळे पॅच. अमोनियाचं सॉल्व्हंट तांब्याला लागलं की निळं होतं, हे बरोबर. पण फोटोत रॉडच्या टोकाला पॅच धरणारा पितळेचा जॅग दिसतोय मला. पितळ म्हणजे तांबं आणि जस्तच की! सॉल्व्हंट त्याच जॅगला खातंय, पॅच निळा होतोय आणि तू नळीला दोष देत रात्री साडेअकरापर्यंत घासत बसतोयस. ब्राँझच्या ब्रशचंही तेच. निकेलचा मुलामा दिलेला किंवा प्लास्टिकचा जॅग घे आणि पुन्हा बघ. मला दाट शंका आहे, की तुझा निम्मा त्रास त्या जॅगचा आहे. त्यावर बाटलीतला लेप काय करणार?

आता लेपाचं बोलू. मी उभी हयात कारखान्यात ड्रिलवर, कटरवर टायटॅनियम नायट्राइडचे सोनेरी थर चढवण्यात घालवली, त्यामुळे या विषयावर मी जरा जास्तच बोलतो, सहन कर. नळीत कायमचा थर द्यायचा तर तो कारखान्यातच देतात. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या टाइप ९९ अरिसाका रायफलीच्या नळीला आतून क्रोम दिलेलं असे. पुढे रशियन कलाश्निकोव्हलाही क्रोम आलं. अमेरिकेने मात्र व्हिएतनाममध्ये एम-१६ पाठवली ती क्रोमशिवाय. वर बोलबाला असा, की या रायफलीला साफसफाई जवळपास लागतच नाही. बऱ्याच शिपायांच्या हाती क्लीनिंग किटही पोचलं नाही. त्यात दारूची जात बदललेली आणि तिकडचं दमट हवामान. चेंबरमध्ये गंज धरला, खोकी अडकू लागली, आणि रायफल अडकलेली असतानाच पोरं मारली गेली. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीने चौकशी केली. पुढे चेंबरला क्रोम आलं, किट आलं, शिकवणी आली. "साफ करायला सोपी" याचं "साफ करायची गरज नाही" असं व्हायला वेळ लागत नाही, एवढ्यासाठी हे सांगितलं.

तुझ्या बाटलीतला लेप त्या मानाने फार नाजूक. घरी लावायचे लेप ढोबळमानाने दोन तऱ्हेचे. एक, सिरॅमिकचे अतिसूक्ष्म कण द्रवात मिसळलेले. ते ओल्या पॅचने नळीत फिरवायचे, वाळू द्यायचे, मग उष्णतेने ते पक्के होतात. दुसरे, कोरडी वंगणं : मोलिब्डेनम डायसल्फाइड म्हणजे मोली, किंवा हेक्सागोनल बोरॉन नायट्राइड. या दोघांची रचना थरांची असते. थरावरून थर सरकतो, म्हणून ते बुळबुळीत. १९९० च्या दशकात या देशात मोलीची लाटच आली होती. लोक गोळ्याच मोलीत घोळवून वापरायचे आणि शंभर बार झाले तरी नळी धुवायची नाही म्हणून फुशारकी मारायचे. पुढे बरेचसे गुपचूप साध्या गोळ्यांवर परत आले. मोली हवेत साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे जळायला लागते. बोरॉन नायट्राइड नऊशेच्या आसपास तग धरतं. नळीतला वायू अडीच हजार अंशांच्या घरात असतो, जरी तो क्षणभरच पोलादाला भिडतो. त्यामुळे काडतुसाच्या लगेच पुढचा जो भाग, ज्याला थ्रोट म्हणतात, तिथे यातलं काहीच फार दिवस टिकत नाही. नळी झिजते ती मुख्यतः तिथूनच. लेपाने नळीचं आयुष्य दुप्पट होतं असं कोणी सांगितलं तर हसून ऐकून घे, वाद घालू नकोस.

लावायची रीत मात्र नीट समजून घे, कारण सगळा खेळ तिथे आहे. आपल्या वाड्यात दिवाळीआधी कल्हईवाला यायचा, आठवतं? तुला कसं आठवणार, तू पुण्यात स्टीलच्या भांड्यांत वाढलास. तो पातेलं भट्टीवर तापवण्याआधी आतून इतकं घासायचा, की तांब्याचा लालसर रंग उजळून निघे. मग नवसागराची पूड टाकायची, धूर व्हायचा, नाकात झिणझिण्या यायच्या. कथिलाची कांडी टेकवली, की कापसाच्या बोळ्याने सरसर फिरवून चकाकता पातळ थर. कुठे मळाचा डाग राहिला असेल तर तेवढ्या जागी कल्हई धरायची नाही, आणि आजी ते पातेलं उलटं करून त्याच्यासमोर धरायची. नळीचं अगदी तेच. लेप घाणीवर बसला तर तो घाणीला चिकटतो, पोलादाला नाही. आणि घाण निघाली की लेपही तिच्याबरोबर निघतो.

म्हणून आधी काजळी काढ, मग तांबं, मग पुन्हा काजळी. अशी आलटूनपालटून, कारण ते एकमेकांवर थर देऊन बसलेले असतात. एकच सॉल्व्हंट दोघांना पुरा पडत नाही. हॉपीज नंबर ९, जे १९०३ पासून इथल्या घराघरांत आहे, ते काजळीला आणि रोजच्या देखभालीला ठीक. स्वीट्स ७.६२ सारखं अमोनियाचं औषध तांब्याला. ते नळीत रात्रभर ठेवून झोपायचं नाही. बाटलीवर जेवढी मिनिटं लिहिली असतील तेवढीच, आणि खिडकी उघडी. शेवटी पॅच पांढरा आला, की अमोनियाचा लवलेशही राहणार नाही असा धुऊन काढ, आणि मग तेलाचा अंशही पुसून टाक. आमच्या कारखान्यात थर चढवण्यापेक्षा धुण्यालाच जास्त वेळ जायचा, आणि परत आलेला माल बहुतेक वेळा धुण्यातल्या आळसाचा असायचा.

लेप लावताना एकच जागा जिवापाड जप : चेंबर. बार उडाला की पितळेचं खोकं फुगतं आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट धरतं. त्यामुळे मागच्या बोल्टवर येणारा धक्का कमी होतो. चेंबर बुळबुळीत झालं तर खोकं धरत नाही आणि सगळा दाब बोल्टवर येतो. रॉड सरळ धरणारं बोअर गाइड लावल्याशिवाय लेपाचा पॅच आत घालू नकोस, आणि शेवटी कोरड्या पॅचने चेंबर वेगळं पुसून घे.

हा निव्वळ मामाचा भित्रेपणा नव्हे. तू उन्हाळ्यात कॅम्प पेरीला जायचं म्हणतोस ना, ईरी सरोवराच्या काठी? १९०७ पासून तिथे राष्ट्रीय सामने होतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराची गोळी क्युप्रोनिकेलच्या आवरणाची असे. ते आवरण नळीत गाठी-गाठींनी चिकटे आणि काढता काढता नेमबाजांचा जीव जाई. म्हणून ते गोळ्या ग्रीसमध्ये बुडवून मारायचे. १९२१ च्या सामन्यांसाठी फ्रँकफर्ड आर्सेनलने यावर तोड काढली : गोळीला कथिलाचा मुलामा. म्हणजे कल्हईच, आणि नळीतला मळ खरोखरच कमी झाला. पण कथिल काडतुसाच्या मानेला आतून घट्ट धरून बसलं, गोळी सुटायला भलताच जोर लागू लागला. त्यावर लोकांची सवय जाईना. सूचना देऊनही ग्रीस चालूच. ग्रीसने मानेला फुगायला जागा ठेवली नाही, आणि दाब धोक्याच्या पातळीवर गेले. एक उपाय चांगला, दुसराही चांगला, दोन्ही एकत्र केले तेव्हा घात झाला. पुढच्याच वर्षी गिल्डिंग मेटलची आवरणं आली आणि तो अध्याय संपला. तेव्हा तूही एकाच वेळी लेपाची नळी, मोलीच्या गोळ्या आणि नवी दारू असा तिहेरी प्रयोग करू नकोस. एका वेळी एक गोष्ट बदल.

दारूवरून आठवलं. कथिल वाया गेलं नाही. पहिल्या महायुद्धातच फ्रेंचांनी तोफांच्या दारूत थोडं कथिल घालून पाहिलं होतं. ते तांब्याशी मिळून ठिसूळ होतं आणि पुढच्या बाराबरोबर निघून जातं. आज दुकानात तांबं कमी धरणाऱ्या म्हणून ज्या दारू मिळतात, त्यांच्या मुळाशी हीच युक्ती आहे. तू स्वतः काडतुसं भरतोस, मग लेपाच्या आधी असली एखादी दारू वापरून का पाहत नाहीस? तुझ्या गोळीच्या वजनाला ती चालते का ते लोडिंग मॅन्युअलमध्ये बघ, खालच्या मापापासून सुरुवात कर. नळीला हात न लावता निम्मं काम होईल, आणि आवडली नाही तर बदलता येईल. लावलेला लेप मात्र सहजासहजी उतरवता येत नाही.

समजा सगळं करून लेप लावलास. काय बदलेल? पॅच कमी लागतील, हे पहिलं आणि खरं. काजळी ब्रशशिवाय, नुसत्या ओल्या पॅचने बरीचशी निघेल. तुमच्या ६०० यार्डांच्या सामन्यात दिवसाला वीस-वीस बारांचे तीन फेरे, मध्ये खड्ड्यात उभं राहून टार्गेट ओढायची पाळी. नळी साफ करायला उसंत मिळत नाही. तिथे लेपाचा खरा फायदा : तिसऱ्या फेरीतही नळी पहिल्या फेरीसारखी वागण्याची शक्यता वाढते. पण वेग बदलेल. घर्षण कमी, म्हणून दाब कमी, म्हणून त्याच दारूत वेग किंचित उतरतो. ६०० यार्डांवर तो फरक दिसतो. नेमाचा झीरो पुन्हा करावा लागेल. साफ केल्यावर नळी स्थिरावायला किती बार घेते, तोही हिशेब नव्याने मांडावा लागेल. म्हणूनच म्हटलं, हंगामाच्या तोंडावर हात लावू नकोस. हंगाम संपला की थंडीत लाव, क्रोनोग्राफवर आधीचे आणि नंतरचे वेग वहीत लिही. वहीशिवाय केलेल्या प्रयोगाला मी गप्पा म्हणतो.

आणि लेप लावल्यावर जेबीसारखी घासणारी पेस्ट त्या नळीत फिरवायची नाही. पैसे देऊन चढवलेलं आपल्याच हाताने खरवडायचं, असला प्रकार मी आमच्या क्लबात पाहिलाय.

लेपाने जे होणार नाही तेही ऐक. काडतुसाच्या तोंडापुढे, थ्रोट सुरू होते तिथे, काजळीचं एक कडक कडं बसतं. ते तांब्यासारखं निळं-हिरवं काही दाखवत नाही, पॅच त्यावरून सरळ घसरून जातो आणि आपल्याला वाटतं नळी लख्ख. कडं वाढलं की दाब वाढतो. बोल्ट उचलायला जड जातो, प्रायमर चपटे दिसायला लागतात. लोक दारूला दोष देतात. काजळीच्या सॉल्व्हंटमध्ये तेवढाच भाग भिजत ठेवून, चेंबरच्या बाजूने ब्रश गोल फिरवावा लागतो. याला कुठलीही बाटली पर्याय नाही.

बाकी जुन्याच गोष्टी, पण सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही. बोल्ट काढून, चेंबरमध्ये बोट घालून आणि डोळ्याने बघून रायफल रिकामी असल्याची खात्री. तू आत्ताच बघितलंस म्हणालास तरी पुन्हा. रॉड एकसंध घे, जोडांचा नको. मागून पुढे, चेंबरकडून तोंडाकडे. ब्रश तोंडाबाहेर पूर्ण पडू दे, पण परत ओढताना क्राउनवर घासू देऊ नकोस. गोळी नळीला शेवटचा स्पर्श तिथेच करते, आणि तिथली एका बाजूची झीज गोळी भलतीकडे नेते. माझ्या अनुभवात चुकीच्या साफसफाईने खराब झालेल्या नळ्या मळाने खराब झालेल्यांपेक्षा जास्त आहेत. रेंजवर निघण्याआधी कोरडा पॅच फिरव; तेल किंवा सॉल्व्हंट आत राहिलेल्या नळीतून बार काढायचा नाही. आणि घरी आलास की आधी हात साबणाने धू, मग बाळाला घे. प्रायमरमध्ये शिसं असतं, ते हाताला, बाहीला लागून येतं. तुझी बायको याबद्दल काही बोलली असेल तर ती बरोबर आहे.

ताईने फोनवर विचारलं, की कोल्हापूरच्या आपल्या चिंगीच्या .२२ ला हा लेप पाठवतोस का. मुळीच नको. त्या खेळात गोळी शिशाची, वर मेण किंवा ग्रीस. वेग आवाजाच्या आसपास, तांब्याचा संबंधच नाही. उलट त्या नळीत गोळीच्या वंगणाचा ठरावीक थर बसला की ती सुसंगत मारते, आणि नवं वंगण आलं की पुन्हा बसावा लागतो. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचं ब्राँझ आणलं. दोघेही कोल्हापूरच्या मातीतले, चिंगीला विचारायला माणसं जवळ आहेत. अमेरिकेतल्या मामाने बाटल्या पाठवायची गरज नाही. तिला चांगले पॅच आणि एक बोअर गाइड पाठवतो.

गणपतीला तुझ्याकडे येतोच आहे. बोअरस्कोप घेऊन येईन. आपण आधी नळी आतून बघू, मग बाटलीचं ठरवू. तोवर जॅग बदल, आणि मी येण्याच्या आदल्या रात्री हौसेने घासून ठेवू नकोस. मला मळ जसाच्या तसा बघायचाय.

तुझा,
मामा